वरची तार कोणीच पाहिली नाही

मोठे बाबा,

तुम्ही गेल्याची बातमी बाबांना मी सांगू शकले नाही. माझ्याआधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपने सांगितली. मी अंगणात उभी राहून त्यांना फोन लावत होते आणि तो लागत नव्हता, कारण त्याच वेळी आणखी चार जण लावत होते. बाबा भिलाईतल्या सुपेल्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. हात तेलाचे, म्हणून शेजारच्या मशीनवाल्याने त्यांचा फोन उघडला आणि मोठ्याने वाचला. तुमच्या सख्ख्या भावाला तुमचं जाणं परक्या माणसाच्या तोंडून कळलं. त्याने शेवटचं चित्रसुद्धा वाचलं म्हणे. "हाथ जोड़े हुए, दो बार."

आज नववा दिवस, आणि माझा राग गेलेला नाही. ग्रुपवर आहे. थोडा तुमच्यावर आहे. सगळ्यात जास्त ज्याच्यावर आहे तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल, तेवढा द्या.

त्या सकाळी तासाभरात तुम्ही काय काय झालात ते सांगते. एका ग्रुपवर तुम्ही 'रिटायर्ड स्टेशन मास्टर' होतात. दुसऱ्यावर 'पूर्व फौजी'. तिसऱ्यावर तुमचा फोटोच नव्हता. विहारातल्या जुन्या फोटोतून कोणीतरी चेहरा कापला होता, पण तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. तो बिचारा मागच्या गल्लीत दाढी करत होता, त्याला सासुरवाडीहून फोन यायला लागले. मी एकेक ठिकाणी लिहीत बसले: स्टेशन मास्टर नाही, गेटमन. फाटकावर होते. त्यावर एकाने उत्तर दिलं, "बेटा, सम्मान में लिखा है।" म्हणजे गेटमन म्हटलं तर सन्मान कमी होतो. मोठी आई आत जमिनीवर बसली होती आणि मी बाहेर फोनवर दुरुस्त्या करत होते. हे कशाला करत होते, आता विचारलं तर सांगता येणार नाही.

मराठी मला नीट लिहिता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, मैत्रिणी हिंदी. पण तुमच्याशी मी कधी हिंदीत बोलले नाही, म्हणून हे पण तसंच लिहिते. चुका झाल्या तर होऊ देत.

मी लहान होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी मोठी आई माझ्या हातात तुमचा डबा द्यायची आणि बाबा मला सायकलवर बसवून फाटकापर्यंत आणायचे. रुळाच्या कडेला तुमची ती एका खोलीची पिवळी गुमटी, तिच्यावर झुकलेला कडुनिंब, आत एक फोन. फोन वाजला की तुम्ही हातातला घास परत डब्यात ठेवायचात. स्टेशनवरून गाडीचं नाव सांगत, ते तुम्ही जसंच्या तसं परत म्हणायचात. मग बाहेर जाऊन चाक फिरवून फाटक लावायचं, कुलूप घालायचं, आत येऊन फोनवर सांगायचं, "फाटक बंद. प्रायव्हेट नंबर त्रेसष्ट." तो आकडा तुमच्याजवळच्या छापील कागदावरचा. एकदा दिला की त्याच्यावर काट मारायची, पुढच्या गाडीला पुढचा. तो ऐकल्याशिवाय तिकडून गाडी सुटत नसे. मला वाटायचं ही काही जादू आहे.

"जादू नाई वं," तुम्ही म्हणालात. "मी सोता उठलो, फाटक लावलं, माह्या डोयानं पाहिलं, याची हमी म्हनजे थो नंबर. बिना पाहता जो नंबर देते, थो गेटमन नाई, खुनी."

मी सात-आठ वर्षांची असेन. त्या वयाच्या पोरीला हे असं कोणी सांगतं का?

रिटायर झालात, पण ती सवय घरात आली. दुकानात मीठ आणायला पाठवलं तरी, "काय आणशील? सांग वापस." दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगितलं तर त्यानेही परत म्हणून दाखवायचं. तो बाहेर पडताना मला डोळा मारायचा. मोठी आई म्हणायची, "एक दिवस मी म्हणीन, मी माहेरी चालली. तं हे म्हणतील, बराबर, तू माहेरी चालली, आता नंबर सांग." तुम्ही हसायचात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला खूप चीड यायची. मैत्रिणींसमोर तर लाज वाटायची. एकदा माझ्या मैत्रिणीला तुम्ही कॉलेजच्या परीक्षेची तारीख विचारली आणि ती तीन वेळा वदवून घेतलीत. ती नंतर आपल्या घरी आलीच नाही.

पण कॉलेजही तुमच्यामुळेच. बारावीनंतर घरात सगळे गप्प होते, बाबा म्हणत होते बघू. तुम्ही आलात, चप्पल न काढता दारातूनच म्हणालात, "पोट्टीले शिकू दे. आपल्या घरात एक जण तरी असा पायजे जो कागद वाचून सांगन का याच्यात काय लिहिलं हाय." प्रवेशाच्या दिवशी तुम्ही कॉलेजच्या गेटबाहेर चार तास बसून होतात. आत या म्हटलं तर म्हणालात, "आत माह्यं काय काम."

तो कागद वाचून सांगणारा एक जण मी झाले. आपल्या कैंप वस्तीतले लोक माझ्याकडे फॉर्म घेऊन यायला लागले. "पढ़ी-लिखी लड़की है, उससे पूछ लो." मला ते आवडायचं. इथपासूनच सगळं बिघडलं असावं.

दुसऱ्या वर्षाला मी सोशल मीडिया आणि ताज्या बातम्यांवर असाइनमेंट लिहिली. मी लिहिलं होतं की बातमी आता कोणाच्या मालकीची राहिलेली नाही, ज्याच्या हातात फोन तो पत्रकार. सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारून 'उत्तम' लिहिलं. मी ते तुम्हाला मराठीत करून वाचून दाखवलं. तुम्ही पूर्ण ऐकलंत आणि म्हणालात, "ज्याच्या हातात झेंडी थो गार्ड होते का?"

"झेंडीची गोष्ट वेगळी आहे, मोठे बाबा. बातमी लवकर पोचली तर माणसं वाचतात. तुमचा नंबर येईपर्यंत मरून जातील."

"मरतील. पण कोण मेलं, कुठं मेलं, खरंच मेलं का, थे तं कळन."

"हा काय जवाब झाला?"

"मंग तुह्या सरले विचार."

हा वाद आपण किती वेळा घातला असेल. आणि ऐका, तुम्ही प्रत्येक वेळी बरोबर नव्हतात. तुम्ही नाही म्हणून मी हे सोडून देणार नाही. डोंगरगडच्या तुमच्या मित्राच्या वेळी सकाळी सात वाजता पेन्शनरांच्या ग्रुपवर आलं होतं की ते गेले. तुम्ही मानलं नाही. त्यांच्या मुलाला फोन लावत बसलात. ज्याच्या बापाचं प्रेत घरात आहे तो फोन उचलेल का? मी दोनदा म्हटलं, निघा, लोकल मिळेल. तुम्ही म्हणालात, "घरच्याच्या तोंडून ऐकीन मंग निघीन." दुपारी फोन उचलला गेला तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. मी रागात म्हणाले, "तुमच्या नंबराच्या नादात मित्राचं तोंड पाहिलं नाही तुम्ही." तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मला वाटलं मी वाद जिंकला. ते वाक्य परत घ्यायचं राहिलं. म्हणणं परत घेणार नाही, कारण ते अजूनही मला बरोबर वाटतं. पण बोलले कसं, ते घ्यायला हवं होतं.

आता त्या व्हिडिओचं.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर काही सेकंदांचा व्हिडिओ आला. पिवळी गुमटी, तिच्यावर झुकलेलं झाड, फाटक वर उचललेलं, आणि मधून धडधडत जाणारी मालगाडी. दोन मोटरसायकली अगदी काठावर थांबलेल्या. कोणीतरी घाबरून ओरडतंय. जागेचं नाव कुठेच नव्हतं. लोक विचारत होते, कहाँ का है. कोणी रायपूर म्हटलं, कोणी ओडिशा. मी जमिनीवर बसून भेंडी चिरत होते. हात पुसला आणि लिहिलं, "ये हमारा फाटक है। मैं बचपन से यहाँ डब्बा लेकर जाती थी। मैं पहचानती हूँ।"

मी लिहिलं, मोठे बाबा. ज्याला तुम्ही नंतर शोधत फिरलात तो माणूस मी होते.

अर्ध्या तासात एका लोकल न्यूज पेजवर तोच व्हिडिओ लाल पट्टीसकट आला. 'भिलाई में बड़ा हादसा टला, गेटमैन सोता रहा'. झोपला होता असं मी म्हटलं नव्हतं. ते मधल्या कोणीतरी घातलं. खाली लिहिलं होतं, 'स्थानीय सूत्रों के अनुसार'. ती सूत्रं म्हणजे मी, भेंडीच्या ताटासमोर बसलेली. आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा छान वाटलं. मी खात्री केली नव्हती असंही नाही. मी तिघांना फोन केला. तिघेही म्हणाले, "हाँ हाँ, वही है." मी समाधानाने फोन ठेवला. ते तिघे माझाच मेसेज वाचून सांगत होते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कॉलेजात स्रोत पडताळणीवर आम्हाला एक पूर्ण प्रकरण आहे. ते माझं पाठ होतं.

संध्याकाळी तुम्ही मोठ्या आईचा फोन घेऊन आलात. व्हिडिओ तुम्ही तीनदा पाहिला होता, माझ्यासमोर चौथ्यांदा लावला.

"हे आपलं फाटक म्हणून राहिले लोकं. तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "तसंच दिसते."

"तार कुठं आहे?"

"कोणती तार?"

"वर पाह्य. आपल्या लाइनीवर इतक्या वर्षायपासून बिजलीची तार हाय. इथं आभाळ साफ. खंबा नाई, तार नाई. अन् इंजिन डिझेलचं हाय. हे आपलं कावून राहीन?"

मी पाहिलं. आभाळ खरंच रिकामं होतं. ज्या तारांखालून मी शंभरदा डबा घेऊन गेले त्या तिथे नाहीत, हे मला दिसलं नव्हतं. मी भिंत पाहिली, झाड पाहिलं, आणि मला ओळखू आलं. ओळखायला तेवढं पुरतं, हे किती वाईट आहे.

तुम्ही चहा प्यायला बसलात. मी आतल्या खोलीत गेले आणि माझा मेसेज सगळ्यांच्या फोनमधून मिटवून टाकला. 'मी चुकले, हे आपलं फाटक नाही' एवढं लिहायला तितकाच वेळ लागला असता. मी दोन्हीपैकी मिटवणं निवडलं आणि बाहेर येऊन तुमच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही पाहिलं, पण माझ्या बाजूने पाहिलं नाही. त्या फाटकावर आता खेमलाल असतो. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गुंडरदेहीकडच्या गावचा, कमी बोलणारा. तुम्ही त्याला 'साहेब' म्हणून चिडवायचात आणि तो तुम्हाला 'कका' म्हणायचा. त्याची चौकशी झाली. रजिस्टर पाहिलं, नोंदी पाहिल्या, तो स्वच्छ निघाला. त्या निकालाच्या कागदाचा फोटो कोणी कोणाला पाठवला नाही. फाटक बंद असताना थांबलेली पोरं मोबाइल काढून त्याचं शूटिंग करायची. "सो जा भाई, ट्रेन हम देख लेंगे." त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, जो ड्यूटीत झोपतो त्याला मुलगी कशी द्यायची. थांबू या म्हणाले. थांबू या म्हणजे नाही, हे खेमलालला कळत होतं.

मी मैत्रिणीच्या फोनवरून त्या पेजला लिहिलं की हा व्हिडिओ भिलाईचा नाही, वर तार नाही, काढून टाका. उत्तर आलं, "हमारा सूत्र पक्का है। गेटमैन की भतीजी ने खुद कन्फर्म किया है।" मी ते वाचून मैत्रिणीला फोन परत दिला. तिने विचारलं काय म्हणाले. मी म्हटलं, काही नाही.

त्या दिवशी मी तुमच्याजवळ यायला हवं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही चाललं असतं.

तोपर्यंत तुम्ही सायकल काढली होती. चहाच्या टपरीपासून सुरुवात. "तुले कोणं पाठवला?" टपरीवाल्याने दाखवलं, मेहुण्याने. मेहुण्याला न्हाव्याने. न्हाव्याला कोणी कुरुदच्या माणसाने. मग कुरुद. एका माणसाकडून दुसऱ्याकडे, उन्हात, पायात ते जुने बूट. मोठी आई ओरडायची, "अवो, पोलीस व्हा की आता." लोक हसायचे. काही जण वैतागून दार उघडायचे नाहीत. मी घरात बसून तुम्ही कुठपर्यंत पोचलात ते ऐकायचे. कुरुद, मग सुपेला, मग परत कैंप, मग आपली मागची गल्ली. आणि वरून मी तुमच्यावरच चिडायचे. एकदा मी म्हटलंही, "मोठे बाबा, कोणी सुरुवात केली याने आता काय फरक पडते? पसरलं ते पसरलं."

तुम्ही म्हणालात, "ज्यानं बिना पाहता सांगितलं, त्याच्याच तोंडून खेमलालले ऐकवाचं हाय का चुकलो. माह्या म्हणण्यानं काय होते? मी तं त्याच्याच बाजूचा."

आणि मग तो दिवस. तुम्ही मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये मागे मागे जात त्या दिवसापर्यंत पोचला होतात. बोट फोनवर ठेवून माझ्यासमोर धरलंत.

"हे काय असते वं? इथं लिहिलं हाय, यह मैसेज मिटा दिया गया."

"कोणी आपला मेसेज मिटवला की असं येते."

"कोणं मिटवला, थे कळते का?"

माझं नाव त्याच्या वरच होतं, मोठे बाबा. तुमच्या बोटाच्या अर्धा इंच वर. तुम्ही हिंदी सावकाश वाचता, पण वाचता.

मी म्हटलं, "नाई कळत."

तुम्ही फोन खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. आणि म्हणालात, "बरं." परत म्हणायला लावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शोधणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचात, सापडला नाही.

तुम्ही वाचलं होतं का? हे मला माहीत नाही, आणि आता कधी कळणार नाही, आणि याचा मला इतका राग येतो की हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. वाचलं असेल तर तुम्ही मला रागवायला हवं होतं. कानाखाली द्यायला हवी होती. तुम्ही मला वेळ देत होतात का? की तुम्हाला शरम वाटली, की माझी दया आली? मला या तिन्हींपैकी एकही नको आहे.

शोधणं बंद करून तुम्ही फाटकावर जाऊन बसायला लागलात. गुमटीबाहेर लोखंडी स्टुलावर, रोज सकाळपासून. खेमलाल म्हणायचा, "कका, घाम म झन बइठव." उन्हात बसू नका म्हणे, पण तुम्ही उठायचा नाहीत. कोणी मोबाइल काढला की तुम्ही उभे राहायचात. एकदा मी कॉलेजातून येताना रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाहिलं. मोटरसायकलवरच्या पोराला तुम्ही विचारत होतात.

"ऊपर क्या दिख रहा है?"

"कहाँ अंकल?"

"ऊपर. सिर उठाओ."

"तार है."

"वीडियो में थी?"

त्याने फोन काढून पाहिलं. "नहीं थी."

"तो क्या समझे? बोलो."

"अरे अंकल, इंटरव्यू ले रहे हो क्या," तो म्हणाला, पण हसत हसत त्याने म्हटलं, की हे फाटक वेगळं आहे. मग गाडी गेली, फाटक उघडलं, तो गेला. तुम्ही परत बसलात. मागे आणखी चाळीस जण होते, ते सगळे निघून गेले. तेव्हा मला तुमचा किती संताप आला होता. एकेक माणसाला सांगून काय होणार, सगळ्या शहराला माहीत झालंय, हे कसलं वेड. मी रस्ता ओलांडून तुमच्याकडे आले नाही. उलट्या बाजूने घरी गेले.

तुम्ही गेलात त्या सकाळीही तिथेच निघाला होतात. मोठी आई चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही खाटेवर एका बाजूला कलला होतात, एक मोजा पायात, एक हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय. उन्हात बसण्याने झालं का, मी विचारलं. ते म्हणाले, वयही होतं, काही सांगता येत नाही. कोणालाच काही सांगता येत नाही. फक्त ग्रुपवर सगळ्यांना सगळं सांगता येतं.

काल बुद्धविहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग लोक बोलायला उठले. तुम्ही वेळेचे पक्के होतात, कोणाच्या भानगडीत नसायचात (हे खरं नाही), सगळ्यांना मदत करायचात. मग विहारातल्या एका बुजुर्गांनी मला खूण केली. "बेटी, तू शिकलेली हाय. दोन शब्द बोल." मी कागद लिहून नेला होता. त्यात शिस्त होती, कर्तव्य होतं, प्रेरणा होती. मी दोन ओळी वाचल्या. दाराजवळ खेमलाल उभा होता, ड्यूटीच्या कपड्यांतच आलेला, हातात बूट घेऊन. त्याला फाटकावर जायची घाई असावी. तो घड्याळ पाहत होता.

मी कागद खाली केला आणि म्हणाले की तो व्हिडिओ आपल्या फाटकाचा आहे असं ग्रुपवर पहिल्यांदा मी लिहिलं होतं. मी न पाहता लिहिलं. मग कळल्यावर मिटवलं आणि कोणाला सांगितलं नाही. मोठ्या बाबांनी मला विचारलं तेव्हा त्यांनाही खोटं सांगितलं. मग तेच हिंदीत म्हणाले, कारण खेमलालला मराठी येत नाही.

मागून एक बाई म्हणाली, "अभी ये सब बोलने का टाइम है क्या." बाबा सतरंजीकडे पाहत होते. एका चुलत भावाने आधीपासूनच फोन वर धरला होता, त्याने तो खाली केला नाही. करू दे. फिरायचंच असेल तर हे फिरू दे.

सगळे पांगल्यावर मी मोठ्या आईला विचारलं, "त्यायले माहीत होतं का?"

"मले काय माहीत," ती म्हणाली. "माह्याजवळ थे फाटकाचं बोलत नव्हते. मीच म्हटलं होतं, घरात फाटक आणू नका म्हणून." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू सांगाले पायजे होतं वं." एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

खेमलाल बाहेर चपलांजवळ थांबला होता. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, मी ऐकून घेईन, आणि झालं. तो बूट घालत होता, नाडी बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"दीदी, आप गाँव चलोगी? लड़की के घर?"

मी म्हटलं, "मैं फोन कर दूँ? अभी कर देती हूँ."

"फोन का नहीं मानेंगे," तो म्हणाला. "फोन में ही तो देखे थे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच तेवढीच अडचण होती. मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि सायकल काढली, त्याची ड्यूटी सुरू व्हायची होती. माफ केलं म्हणाला नाही. मी मागितलीही नव्हती, हे मला तो गेल्यावर लक्षात आलं.

उद्या जाणार आहोत. मी आणि मोठी आई. ती म्हणाली, "एकटी गेली तं थे म्हणतील, पोट्टीले पढवून आणलं. मी येतो. पांढरं लुगडं पाहून तरी बसू देतील."

मला भीती वाटते. तिथे त्या मुलीचा बाप असेल, काका असतील, ओट्यावर सगळं गाव जमेल. ते म्हणू शकतात की आता काय उपयोग. त्यांनी दुसरीकडे बोलणी सुरू केली असतील तर मी काहीच करू शकत नाही. सकाळपासून काय बोलायचं ते लिहून पाहते आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सुरुवात सोशल मीडियापासून झाली, अगदी असाइनमेंटसारखी. खोडलं. दुसऱ्यांदा माझ्या लहानपणापासून झाली. खोडलं. तिसऱ्यांदा तुमच्यापासून, आणि तसं बोलले तर मी रडेन, ते मला पाणी देतील, आणि खेमलालचं तसंच राहून जाईल. तेही खोडलं.

आता तीन वाक्यं उरली आहेत. "वो वीडियो इनके फाटक का नहीं था। मैंने कहा था कि है, और मैंने ठीक से देखा नहीं था। बाद में पता चला तो मैंने छुपाया।" मोठ्या आईला वाचून दाखवली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

ती म्हणाली, "तं पहिलीच बस धरू. जेवणाच्या वेळेले गेलो तं थे आधी जेवू घालतील. अन् त्यायच्या घरचं खाल्ल्यावर तुह्यानं बोलणं होणार नाई."